शेणात अंडी नाहीत, तरीही...

२००४च्या हिवाळ्यात मी भंडारा जिल्ह्यात नोकरीला होतो. एका आजोबांच्या तीन वगारींना पातळ, घाणेरड्या वासाची हगवण लागली. मी शेण तपासले. कृमींची अंडी नव्हती. चाऱ्यातल्या बदलाचा त्रास समजून औषध दिले. चौथ्या दिवशी एक वगार दगावली.

शवविच्छेदन केले, तर लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग जाड, लालभडक झालेला आणि अस्तरात तिळाएवढे गुलाबी किडे रुतलेले. आजोबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही त किडे नाही म्हणले होते ना?"

हे अ‍ॅम्फिस्टोम जातीचे चपटे कृमी. मोठे झाले की ते पोटाच्या पहिल्या कप्प्यात जातात. तिथे फारसा उपद्रव नाही. खरा घात करतात ती पिल्ले. ती आतड्याचे अस्तर कुरतडतात, रक्तातली प्रथिने झिरपून जातात, जबड्याखाली पाणी उतरते. अंडी घालतात फक्त मोठे कृमी. मग शेणात दिसणार काय?

पाणगोगलगायीतून बाहेर पडलेल्या अळ्या तळ्याकाठच्या गवताला चिकटतात. पाणी ओसरले की गुरे नेमकी तिथेच चरतात. गोल जंतांवरचे आयव्हरमेक्टिन इथे निरुपयोगी. यकृतातल्या कृमींवरचे ट्रायक्लाबेंडॅझोलही चालत नाही. उरलेल्या दोघींना मी वजनानुसार ऑक्सिक्लोझानाइड पाजले. त्या वाचल्या.

तेव्हा डॉक्टरांकडे शेण न्याल, तेव्हा जनावर कुठे चरते तेही सांगा. मी त्या आजोबांना विचारलेच नव्हते.