नर वेलीची ओळख



पावसाळा स्थिरावला की मंडईत कर्टुल्यांचे वाटे दिसू लागतात. ही रानभाजी आपल्याला फळावरून ओळखता येते. पण कर्टुल्याची नर फुले एका वेलीवर आणि मादी फुले दुसऱ्या वेलीवर येतात. नर वेलीला जन्मभर एकही फळ धरत नाही. फळावरूनच ओळखणाऱ्याला ती वांझ वेल वाटते आणि बांध साफ करताना ती कंदासकट उपटली जाते. मग शेजारच्या मादी वेलीला पराग कुठून मिळणार? शास्त्रीय नावातही ही गोष्ट आहे: मोमोर्डिका डायोइका. डायोइका म्हणजे दोन घरांची, नराचे घर वेगळे आणि मादीचे वेगळे. म्हणून आज फळ बाजूला ठेवून वेल कशी वाचायची, ते पाहू.

पहिली सूचना, पानावर विसंबू नका. कर्टुल्याच्या एकाच वेलीवर एक पान अखंड, हृदयाच्या आकाराचे असते, तर दुसरे तीन किंवा पाच खंडांचे. त्यापेक्षा तणावे पाहा. कर्टुले आणि कारले यांचा तणावा साधा, न फुटलेला असतो. पडवळाच्या जातभाईंमध्ये तो बहुधा दोन-तीन फाट्यांचा असतो. एवढ्यानेच दोन कुळशाखा वेगळ्या होतात.

त्यानंतर नर फुलाच्या देठाकडे या. तिथे एक चिमुकले हिरवे पान असते, त्याला आपण छद म्हणतो. रानकारल्यात हा छद देठाच्या साधारण मध्यावर किंवा त्याच्याही खाली असतो, फुलापासून अलग. कर्टुल्यात तो थेट फुलाच्या बुडाशी असतो आणि कळीला टोपडे घालावे तसा तिला कवेत घेतो. नखाएवढी ही गोष्ट, पण भिंग नसले तरी दिसते आणि फसवत नाही. रानातल्या दोन पडवळांनाही हीच कसोटी लावा. कवंडळाच्या नर तुऱ्यात प्रत्येक फुलाखाली मोठा, दातेरी कडेचा छद असतो. रानपडवळात तो जवळजवळ नसतोच. दोघांचीही फुले पांढरी, झालरीची आणि रात्री उमलणारी, त्यामुळे नुसत्या फुलावरून घोटाळा होतो.

फुलाची वेळही एक खूण आहे. कर्टुल्याचे फिकट पिवळे, लहान फूल दिवेलागणीला उमलते. पश्चिम घाटात त्याची एक सख्खी बहीण आहे. तिचे फूल मोठे, झळझळीत पिवळे आणि सकाळी उमलणारे. के. जोसेफ जॉन आणि व्ही. टी. अँटनी यांनी 2007 मध्ये तिला स्वतंत्र जाती म्हणून मोमोर्डिका सह्याद्रिका हे नाव दिले. डोळ्यांसमोरची वेल वेगळी आहे हे शास्त्रात नोंदवले जायला इतका काळ गेला, हे आपण विसरू नये.

पण वेल समोर नसून तिचे वाळलेले तुकडेच हाती आले, तर? तेव्हा शरीररचना कामी येते. वेलीच्या खोडाचा कोवळा तुकडा बटाट्याच्या फोडीत धरावा आणि दाढीच्या पात्याने पारदर्शक काप घ्यावा. वाळलेला तुकडा आधी पाण्यात भिजवून मऊ करावा. कापावर सॅफ्रॅनिनचा थेंब टाकला की कठीण भित्तिकांच्या पेशी लाल होतात. सूक्ष्मदर्शकाखाली मग दिसते ते असे: कडेला कंगोरे, आत लाल पेशींचे कडे आणि त्याच्या आत वाहिन्यांचे जुडगे, दोन वर्तुळांत मांडलेले. प्रत्येक जुडग्यात मधे जलवाहिन्या आणि त्यांच्या बाहेरच्या तसेच आतल्या बाजूलाही रसवाहिन्या. पुष्कळशा वनस्पतींत रसवाहिन्या फक्त बाहेरच्या बाजूला असतात.

ही दुहेरी मांडणी आपल्याला भोपळ्याचे कूळ सांगते, जात सांगत नाही. जातीसाठी आणखी बारीक पाहावे लागते: केस किती पेशींचे, त्यांच्या टोकाला ग्रंथी आहे की नाही, कठीण कडे सलग की तुटक, पानाच्या देठात जुडगे किती. आणि तुलना नेहमी सारख्याच वयाच्या पेरांची करावी, कारण कोवळे आणि जून खोड एकाच वेलीचे असूनही निराळे दिसते. एका खुणेवर निकाल देऊ नये. दोन-चार खुणा एकाच नावाकडे बोट दाखवू लागल्या, की ते नाव धरावे.

ही काळजी चवीपुरती नाही. या कुळात अनेक रानफळांत कुकुर्बिटासिन ही कडू, विषारी द्रव्ये असतात. चुकीच्या नावाने भाजी किंवा औषध घेतले तर जिवावर बेतू शकते.

येत्या श्रावणात एकदा दिवेलागणीला बांधावर थांबा. पिवळी फुले उमलू लागली की त्यांतल्या एकाचा देठ हलकेच वर करा आणि बुडाशी टोपडे आहे का, ते पाहा. खाली कोवळे काटेरी फळ नसेल, तर ती नर वेल. एकदा ती ओळखीची झाली, की पुढच्या वेळी बांध साफ करताना तुमचा विळा तिच्यापाशी थांबेल, आणि शेजारच्या वेलीवर कर्टुली धरतील.