मीटर कोणाचा, बिल कोणाचे?

दोन घरांचे मीटर एकाच भिंतीवर. एका घरात दोनच दिवे, तरी बिल पिठाच्या गिरणीएवढे! वीज तोडू, असा निरोप आला. शेजाऱ्यांत भांडण जुंपले.

आम्ही बिल वाचले. त्यावरचा नंबर मीटरशी ताडला. मग त्या घराचे मुख्य बटण बंद केले. बिलावरच्या नंबराचा मीटर चालूच, शेजारचा थांबला! मीटरांची अदलाबदल झाली होती.

दोन्ही घरांनी मिळून अर्ज लिहिला, सह्या केल्या, पोच घेतली. तपासणी झाली. बिले दुरुस्त झाली.

थकबाकीसाठी वीज तोडायची तर २००३ च्या कायद्याप्रमाणे आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दाद मिळाली नाही, तर ग्राहकांच्या तक्रार निवारण मंचाकडे जाता येते.

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, कागद टिकतो. चला, आपले बिल आपणच वाचू या.