साकवापलीकडची शाळा



मालवणच्या या परिषदेला सिंधुदुर्ग जिल्हाभरातून तुम्ही शिक्षक आला आहात.

शिक्षणात बाहेरचा पैसा येणं आपल्याला नवं नाही. १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे जागतिक बँक होती. २०२० मध्ये त्याच बँकेनं ‘स्टार्स’ या शालेय शिक्षणाच्या प्रकल्पाला ५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. त्यातल्या सहा राज्यांत महाराष्ट्र आहे. पैशामागोमाग संशोधन येतं. त्यात आधी काय शोधायचं, हे ठरवताना वर्गावरच्या शिक्षकाला फारसं कुणी विचारत नाही.

जिथले आकडे वाईट, तिकडे संशोधक आधी जातो. ते रास्तच आहे, पण त्यात सिंधुदुर्ग नजरेतून सुटतो. २०११च्या जनगणनेत आपली साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला. मग तुम्हाला अडचण कसली, असं विचारतात. ती त्याच जनगणनेत आहे. २००१ साली आपण ८ लाख ६८ हजार होतो, दहा वर्षांनी ८ लाख ४९ हजार उरलो. माणसं मुंबईला गेली, घरांना कुलपं लागली, शाळांचे पट आटले.

२०२३ मध्ये शासनानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. नकाशावर दोन शाळांमधलं अंतर किरकोळ दिसतं. मी पाहिलेल्या एका वाडीत त्या अंतराच्या मध्ये व्हाळ आहे आणि त्यावर माडाच्या खोडांचा साकव. आषाढात तिथल्या बाई सकाळी साकवाच्या अलीकडे येऊन उभ्या राहतात. पहिलीतल्या पोरीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतात, तिचा हात धरतात आणि पाणी खळाळत असताना तिला पलीकडे नेतात. मग एकाच खोलीत चार इयत्ता, अकरा मुलं. चौथीतला मुलगा पहिलीतल्याला वाचून दाखवतो, अडलं तर मालवणीतून समजावतो. पोर ‘बांगडो’ म्हणतं, बाई फळ्यावर ‘बांगडा’ लिहितात आणि दोन्ही शब्द वर्गात राहतात. कागदावर ही तोट्यातली शाळा. मला तिथं शिकवण्याची एक रीत दिसली, आणि ती नीट तपासायला कुणी आलेलं नाही.

माझ्या मते संशोधनाचा पहिला प्रश्न हा असावा: वाडीतली शाळा मिटली की मुलाचं पुढं काय होतं? पावसाळ्यात ते किती दिवस शाळेत पोचतं? सातवीनंतर मुली टिकतात का? शासन गाडी देऊ म्हणतं, ती जुलैत वाडीपर्यंत येते का? शाळा बंद करण्याआधी याची उत्तरं हवीत, नंतर नकोत.

हा प्रश्न जगाच्या मानानं लहान वाटेल, पण लहान प्रयोगही दूरवर पोचतो. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेच्या बालसखी मागं पडलेल्या मुलांना वेगळं घेऊन बसत. या बालसखी म्हणजे वस्तीतल्याच मुली. त्यानं मुलं खरंच शिकतात का, हे अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. इयत्ता बाजूला ठेवून मुलाच्या पातळीनुसार शिकवण्याची ‘प्रथम’ची रीत पुढं झांबियातल्या शाळांपर्यंत गेली. ओसरत्या गावांतल्या छोट्या शाळांचा अभ्यासही असाच दूरवर उपयोगी पडेल, कारण गावं जपानातही ओस पडताहेत.

म्हणून एक विनंती. ज्यांचा पट वीसच्या आत आहे, त्यांनी येत्या जूनपासून एक साधी वही ठेवावी. कोण आलं, कोण आलं नाही आणि का, एवढंच रोज लिहावं. पुढच्या परिषदेला त्या वह्या घेऊन या. निधी देणारे समोर बसतील तेव्हा आपण आधी त्या वह्या उघडू.