लघुपट आणि भाषेचा तास



आता अनेक शाळांत प्रोजेक्टर आले आहेत आणि त्यावर लघुपटही दाखवले जातात. पण कधी? परीक्षा संपल्यावर, शनिवारी, नाहीतर एखादे शिक्षक रजेवर असले की! मुलं खूश होतात, घंटा होते आणि विषय तिथेच संपतो. करमणूक झाली, तिला माझी ना नाही; पण भाषा होती तिथेच राहिली. भाषेच्या तासाला लघुपट निवडताना त्यात बोलतं कोण, हे आधी पाहावं, एवढंच मला आज सांगायचं आहे. पडदा जिथे गप्प बसतो, तिथे मुलाला बोलायला वाव मिळतो. लघुपटांचे प्रकारही मी त्याच निकषावर पाडणार आहे.

पहिला प्रकार संवादांविना चालणाऱ्या लघुपटांचा. इराणचे दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांचा पहिला चित्रपट या प्रकारातला आहे. १९७० सालचा, जेमतेम दहा मिनिटांचा, कृष्णधवल. त्याच्या नावाचा अर्थ ‘रोटी आणि गल्ली’. एक लहान मुलगा रोटी घेऊन घरी निघाला आहे. गल्लीत एक कुत्रा त्याच्यावर भुंकतो. मुलगा मागे पळतो, भिंतीला टेकून उभा राहतो, कुणी मोठं माणूस येतंय का याची वाट पाहतो. एक म्हातारे गृहस्थ येतात, तो त्यांच्या मागोमाग चालू लागतो. पण ते मध्येच दुसरीकडे वळतात. शेवटी तो रोटीचा तुकडा मोडून कुत्र्यापुढे टाकतो. कुत्रा शेपटी हलवत त्याच्याबरोबर दारापर्यंत येतो. मुलगा आत जातो, दार लागतं. तेवढ्यात दुसरा एक मुलगा हातात भांडं घेऊन गल्लीत शिरतो आणि कुत्रा पुन्हा उठतो. चित्रपट संपतो!

आता हा लघुपट वर्गात कसा वापरायचा? कुत्रा पहिल्यांदा भुंकला की चित्र थांबवायचं. फळ्यावर चारच शब्द लिहायचे: तेवढ्यात, म्हणून, तरीही, शेवटी. प्रत्येक शब्द वापरून एकेक वाक्य प्रत्येकाने बोलायचं. मग पुढचा भाग दाखवायचा. ‘कुत्रा भुंकतोय’, ‘कुत्रा भुंकत होता’, ‘कुत्रा भुंकेल’ हे काळ व्याकरणाच्या पुस्तकात कोरडे वाटतात. इथे त्यांची गरज पडते. शेवटच्या दृश्यानंतर दुसऱ्या मुलाचं काय झालं, ते प्रत्येकाने पाच ओळींत लिहायचं. कथेचा शेवट दिग्दर्शकाने मोकळा सोडला आहे, त्यामुळे कुणाचंच उत्तर चूक ठरत नाही. चुकण्याची भीती गेली, की गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. सत्यजित राय यांचा ‘टू’ हा १९६४ चा लघुपटही असाच संवादांविना आहे. एक श्रीमंत घरातला मुलगा खिडकीत आणि एक गरीब मुलगा बाहेर, दोघांची खेळण्यांवरून चढाओढ. ज्यांची घरची भाषा मराठी नाही, त्या मुलांनाही हे लघुपट पहिल्या दिवसापासून दाखवता येतात, कारण समजायला भाषा लागत नाही आणि सांगायला मात्र लागते.

दुसरा प्रकार निवेदनाचा. पडद्यावरची माणसं बोलत नाहीत, वरून एक आवाज बोलतो. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आपल्यापैकी अनेकांनी चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी पाहिले आहेत. चित्रं तीच ठेवून निवेदन वेगवेगळ्या भारतीय भाषांत दिलं जाई. शिक्षकाने हीच युक्ती उचलावी. आवाज बंद करावा आणि निवेदन मुलांकडून लिहून घ्यावं. किआरोस्तामी यांचाच १९७५ चा एक छोटा लघुपट इथे फार उपयोगी पडतो. एका मित्राने दुसऱ्याची वही फाटलेल्या अवस्थेत परत केली. या गोष्टीचे दोन शेवट दाखवले आहेत: एकात सूडावर सूड, दुसऱ्यात वही चिकटवून मिटवलेलं भांडण. ‘वही चिकटवून दिली असती, तर मारामारी झाली नसती’ हे वाक्य मुलाच्या तोंडून आपोआप येतं. संकेतार्थ शिकवायला याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

तिसरा प्रकार संवादांच्या कथापटांचा. इथे मुलाने आधी ऐकायचं असतं. आपल्याकडे उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ आहे, नागराज मंजुळे यांचे ‘पिस्तुल्या’ आणि ‘पावसाचा निबंध’ आहेत. पाठ्यपुस्तकात सहसा न येणारी बोली यांत कानावर पडते. ती चुकीची मराठी नव्हे, तीही मराठीच, हे मुलांना वर्गात एकदा स्पष्ट सांगायला हवं. ‘पावसाचा निबंध’ तर प्रत्येक मराठीच्या शिक्षकाने पाहावा. शाळेत पावसाच्या सौंदर्यावर निबंध लिहून आणायला सांगितलाय आणि मुलाचं घर त्याच पावसात गळतंय. आपण वर्षानुवर्षं तेच ठरावीक विषय देतो, मुलंही ठरावीक ओळी लिहितात. हा लघुपट दाखवून ‘तुझ्या घरी पाऊस कसा येतो?’ एवढंच विचारा. निबंध आपसूक खरे होतील.

संवादांच्या लघुपटाला तळओळी (सबटायटल्स) असाव्यात का, असं पालक विचारतात. असाव्यात, पण मराठी बोलण्याखाली मराठीच. अहमदाबादच्या आय.आय.एम.मधून ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून नेमका हाच विचार पुढे नेला: दूरदर्शनवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतली अक्षरं दाखवा, म्हणजे पाहता पाहता वाचनाचा सराव होईल. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांत मुलांना बोलणं समजतं, वाचताना अडतं. त्यांच्यासाठी हा उपाय सोपा आणि स्वस्त आहे.

लघुपट वाचनाची जागा घेईल, अशी धास्ती काहींना वाटते. तसा तो वापरला तर घेईलही. म्हणून दहा मिनिटं पाहणं आणि पंचवीस मिनिटं बोलणं-लिहिणं, हे प्रमाण सोडू नका. शिक्षकांना माझी विनंती आहे, की शाळा सुरू होण्याआधी तिन्ही प्रकारांतले दोन-दोन लघुपट निवडून ठेवा आणि ते कुठे थांबवायचे ते आधी ठरवा. पालकांनो, घरीही हे जमेल. मूल मोबाइलवर काही पाहत असेल, तर तो हिसकावून घेण्यापेक्षा शेजारी बसा, चित्र थांबवा आणि ‘आता पुढे काय होईल, सांग’ म्हणा. मग मात्र त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.