भट्टी फोडली, पण संध्याकाळी जायचं कुठे?

आपल्या गटाच्या बैठकीत जो विषय कुजबुजत निघतो, तो आज मोठ्याने बोलू. दारू सोडू पाहणाऱ्या माणसांची मीटिंग कुठे भरते आणि ती शोधायची कशी?

दारूविरुद्ध लढायचं कसं, हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बायांना शिकवायला नको. आपण मोर्चे काढले, हातभट्ट्या फोडल्या, आडव्या बाटलीसाठी सह्या गोळा केल्या. ते काम हवंच. पण भट्टी फुटली तरी संध्याकाळ होतेच. सात वाजता ज्याचे पाय गुत्त्याकडे वळायचे, त्याने सात वाजता जायचं कुठे? याचं उत्तर आमच्याकडे बरेच दिवस नव्हतं.

आमच्या गटातल्या एका ताईंचे हप्ते थकले. कापसाचा चुकारा यायचा आणि आठ दिवसांत संपायचा. आम्ही घरी गेलो तर दादा ओट्यावरच बसले होते. तेच म्हणाले, "मले सोडायची आहे, पण सुटत नाही." हप्त्याचं बोलणं आम्ही तिथेच थांबवलं. त्या दोघांना विचारूनच आज हे सांगतोय. नावं मात्र सांगणार नाही.

ताईंनी बाजारातून एक पुडी आणून ठेवली होती, नकळत भाजीत कालवायला. बायांनो, हे करू नका. अशा पुडीत काय असतं ते आपल्याला माहीत नसतं. काही औषधं पोटात असताना माणूस दारू प्यायला तर जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांनीच, त्या माणसाला सांगून द्यायची असतात. दुसरं, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला "आजपासून एकदम बंद" अशी शपथ घालू नका. एक-दोन दिवसांत हात थरथरतात, झटके येतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी दवाखाना. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. कुठे जायचं ते गावातल्या आशाताईंनाही विचारा.

औषधाने शरीर सावरतं. पुढचं काम मीटिंगचं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, लोक थोडक्यात 'एए' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांशी बोलत बोलत सावरले. त्यातून हे सुरू झालं. १९५७ पासून ते भारतात आहे. फी नाही, धर्म-जातीची अट नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. ही मीटिंग बायांसाठीही आहे. पिणारी बाई तर घरातच लपवली जाते, तिलाही हे सांगा.

आता शोधायची कशी? १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. तिथे आपला तालुका सांगा आणि जवळ काय सोय आहे ते विचारा. मन फार खचलं असेल तर १४४१६, टेलिमानस. मानसोपचार विभागात आणि व्यसनमुक्ती केंद्रात मीटिंगची चौकशी करा. पोरांना मोबाइलवर शोधायला सांगा, एएच्या मीटिंगा ऑनलाइनही होतात. आणि सगळ्यात भरवशाचा वाटाड्या म्हणजे दारू सोडलेला माणूस. पंचक्रोशीत असा एखादा तरी सापडतो.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते फोन न करता. खोलीला कुलूप! वार बदलला होता. दादा म्हणाले, "पाहा, नशिबातच नाही." त्या दिवशी ते थेट गुत्त्यावर गेले असते तर दोष आमचाच होता. म्हणून निघण्याआधी वार, वेळ, जागा फोनवर पक्की करा. मीटिंग खुली आहे का, तेही विचारा. खुल्या मीटिंगला घरचेही बसू शकतात, बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची असते. आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता, ते आधी पाहून ठेवा. आमची तर मीटिंगआधीच सुटायची. शेवटी शेजारच्या गावचा एक भाऊ मोटरसायकलवर न्यायला लागला. तोही तिथलाच.

खुल्या मीटिंगला आम्ही मागे बसलो. भाषण नाही, उपदेश नाही. एकेक जण फक्त आपलं नाव सांगतो, आडनाव नाही, आणि आपलीच गोष्ट सांगतो. एक जण म्हणाला, "मले वाटे, मीच एकटा असा आहो." दादांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. तिथे जन्मभराची शपथ घेत नाहीत. आज प्यायची नाही, एवढंच. आपणही लाख रुपये एकदम नाही साठवले, आठवड्याला थोडे थोडेच टाकले.

चार महिने नीट गेले आणि पोळ्याच्या करीला दादा प्यायले. लाजेने मीटिंगला जाईनात. आम्हीही चुकलो, गटात बोललो आणि गावभर झालं. तो भाऊच घरी आला, म्हणाला, "मी तीनदा पडलो. चल." दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागले. आज मोजणं चालू आहे. पुढचं सांगत नाही, तेही सांगत नाहीत.

ताईंचं काय? घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंगा असतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलं, तिथेही पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. नवरा पितो हा आपला गुन्हा नाही, आणि त्याला सोडवणं एकट्या आपल्या हातात नाही, हे तिथे कळतं. जवळ अशी मीटिंग नसेल तर गटातल्या दोघी-तिघींनी बसा. बोललेलं मात्र बाहेर नेऊ नका. आणि घरात मारहाण होत असेल तर मीटिंगची वाट पाहू नका. ११२ किंवा १८१ लावा.

पुढच्या बैठकीत रजिस्टरचं एक पान यासाठी ठेवा. त्यावर नंबर, मीटिंगचा वार, वेळ आणि परतीची गाडी लिहा. नावं कोणाचीच लिहू नका. एखाद्या ओट्यावरून "सुटत नाही" असं ऐकू आलं, की ते पान उघडा.