हरकतीचे तीस दिवस
(मौदा येथे युवकांसमोर केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक साधा हिशोब असतो. चूक आराखड्याच्या टप्प्यावर सापडली तर दोन ओळी खोडून भागतं. तीच चूक ग्राहकाच्या हातात गेल्यावर सापडली तर अख्खी टीम रात्रभर जागते. गावातल्या रस्त्याचं, नालीचं, पाण्याच्या टाकीचंही तसंच आहे. सिमेंट ओतून झाल्यावर नालीचा उतार बदलत नाही. आपण मात्र बहुतेक वेळा सिमेंट वाळल्यावरच निवेदन घेऊन जातो.

मौदा बदलतंय, हे तुम्हाला मी सांगायला नको. इथे एनटीपीसीचं २३२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. जवळून नागपूर-भंडारा महामार्ग जातो. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. या शेवटच्या बदलात एक गोष्ट आपल्या हातून गेली, तिची फारशी चर्चा झाली नाही. ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायतीच्या कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तिथे मतदार यादीत नाव असलेला कोणीही उभा राहून सरपंचाला विचारू शकतो, "हा खर्च कशावर झाला?" नगरपंचायतीत सतरा नगरसेवक सभागृहात बसतात. सामान्य माणूस ती सभा ऐकू शकतो, पण तिथे त्याला बोलण्याचा हक्क नाही.

मग बोलायचं कुठे? एक जागा कायद्यानेच ठेवली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवावा लागतो आणि हरकती व सूचनांसाठी तीस दिवस द्यावे लागतात. त्यानंतर नियोजन समिती हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेते. शाळा कुठे, दवाखाना कुठे, मैदान कुठे, कब्रस्तान आणि स्मशानभूमी कुठे, कोणता रस्ता किती रुंद, हे सगळं त्या नकाशावर ठरतं. नागपूर महानगर क्षेत्राचा आराखडा असाच २०१५ मध्ये हरकतींसाठी जाहीर झाला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला. त्यात मौदा तालुक्यातली गावंही आहेत. मोठ्या कारखान्यासाठी पर्यावरण जनसुनावणी होते, तिचीही नोटीस किमान तीस दिवस आधी द्यावी लागते.

"आपल्या एका अर्जाने काय होणार?" असं कोणी म्हणेल. मुंबईचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या विकास आराखड्याचा मसुदा आला. कुठे रस्ता उभ्या इमारतींवरून गेलेला, कुठे वारसास्थळांच्या नोंदी चुकलेल्या. लोकांनी हजारो हरकती लिहून दिल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा मागे घेऊन नव्याने करायला सांगावं लागलं. पुढे २०१८ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात नोकरदार महिलांसाठी निवास आणि असंघटित कामगारांसाठी आधार केंद्र अशा जागा आल्या. महिला आणि कामगार संघटनांनी त्यांची मागणी लावून धरली होती.

आता थोडं आपल्याबद्दल. लग्न ठरवायचं असो की मशिदीचा हिशोब, आपल्याकडे मशवरा होतो. मोहल्ल्यातल्या नालीसाठी मात्र होत नाही. कब्रस्तानाच्या भिंतीचा किंवा ईदगाहच्या रस्त्याचा प्रश्न आला की आपण शंभरजण कचेरीत जातो. जायलाच पाहिजे. पण दवाखाना, वाचनालय, मुलींच्या शाळेपर्यंतचा दिव्यांचा रस्ता यासाठी किती जण जातात? आणि आपल्या गल्लीतली नाली पुढे शेजारच्या वस्तीतच उतरते. उतार चुकला तर घाण पाणी दोन्हीकडच्या दारात येतं. म्हणून हरकतीच्या कागदावर दोन्ही वस्त्यांच्या सह्या हव्यात. त्या अर्जाकडे कोणी 'एका समाजाची मागणी' म्हणून बघू शकत नाही.

इथे तुमचं काम फार महत्त्वाचं आहे. नोटीस निघते ती सरकारी मराठीत. 'आरक्षण क्रमांक', 'फेरबदल', 'प्रारूप' असे शब्द त्यात असतात. आपल्या घरातले वडीलधारे हिंदी-उर्दूत बोलतात. ते ती नोटीस वाचत नाहीत आणि तीस दिवस निघून जातात. तुम्ही मराठीत शिकलात. ती नोटीस अब्बांना, खालाजानला, शेजारच्या काकूंना सोप्या शब्दांत समजावून सांगणं तुम्हालाच जमेल. नळाला पाणी किती वाजता येतं आणि कुठे पोचत नाही, हे घरातल्या बायकांना सर्वात जास्त माहीत असतं. त्यांना कचेरीत जायला जमत नसेल तर त्यांचं म्हणणं लिहून घ्या. लेखी हरकतीला भाषण येण्याची गरज नसते.

काम सुरू झाल्यावरही दार बंद होत नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर अंदाजपत्रक मागता येतं. सुरू असलेल्या कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क या कायद्यात आहे. सिव्हिल शिकणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

आणखी एक तारीख सांभाळा. मैदानासाठी राखीव जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. अर्ज न करता वाट बघत बसलो, तर नकाशावरचं मैदान आपल्या मुलांना कधीच मिळणार नाही.

म्हणून आज इथून उठण्याआधी एवढं करा. पाच जण ठरवा, मुली आणि मुलं दोन्ही. दर आठवड्याला नगरपंचायतीचा सूचना फलक आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना त्यांनी बघायच्या. काही निघालं की त्याच दिवशी शेवटच्या तारखेसह सोप्या भाषेत लिहायचं. तो कागद जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर लावा, आणि चौकातल्या चहाच्या टपरीवरही. अर्ज दिला की पोच घ्या आणि ती फाईलमध्ये लावून ठेवा. सुनावणीच्या दिवशी ती पोच हातात असली पाहिजे.