लघुपट स्पर्धेचे नियम ठरवताना

(हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी लघुपट स्पर्धा घेऊ पाहणाऱ्या महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी पाच मिनिटांच्या लघुपटांची स्पर्धा घ्यायची, विषय स्त्री-पुरुष समानता, हे आपले जवळजवळ ठरले आहे. बक्षिसे किती, सभागृह कुठले, पाहुणे कोण यावर सकाळपासून बरीच चर्चा झाली. मला बोलायचे आहे ते नियमांच्या एका पानाबद्दल. ते पान आपण सगळ्यात शेवटी, घाईघाईने, दुसऱ्या कुठल्या तरी स्पर्धेचे पत्रक समोर ठेवून उतरवून काढतो. पण मुली या स्पर्धेत नेमके काय करणार, हे त्या पानावरच ठरते.

अशा स्पर्धांना मी परीक्षक म्हणून जात असते. बरेचसे लघुपट पहिल्या अर्ध्या मिनिटातच ओळखू येतात. दारू पिणारा बाप, पदराने डोळे पुसणारी आई, शाळा सुटलेली मुलगी. शेवट दोनच. एक तर पंख्याला ओढणी, नाहीतर मुलगी एकदम कलेक्टर होऊन लाल दिव्याच्या गाडीतून गावात येते. (गाड्यांवरचा लाल दिवा २०१७ साली गेला, लघुपटांतून तो अजून जायचा आहे.) या दोन टोकांच्या मधे रोज जगणारी, भांडणारी, हसणारी, खोटे बोलून मैत्रिणीकडे जाणारी मुलगी पडद्यावर येतच नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. हा साचा त्यांना टीव्हीवरच्या मालिकांनी दिला, आणि थोडाफार आपल्या पथनाट्यांनीही.

माझे लक्ष गोष्टीपेक्षा शेवटी येणाऱ्या नावांकडे असते. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन या सगळ्यांपुढे मुलगे. अभिनय, वेशभूषा आणि 'विशेष साहाय्य' यांपुढे मुली. म्हणजे समानतेवरच्या लघुपटात मुलगी रडते, आणि कसे रडायचे ते मुलगा तिला सांगतो.

असे का होते? 'प्रथम' संस्थेच्या 'असर २०२३' या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना मोबाईलबद्दल प्रश्न विचारले होते. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे असे मुलगे ४३.७ टक्के होते आणि मुली १९.८ टक्के. मुलीच्या घरात फोन नसतो असे नाही. असतो, पण तो भावाचा किंवा वडिलांचा. तिला तो मागून घ्यावा लागतो आणि कशाला हवा ते सांगावे लागते. 'मोबाईल तर प्रत्येकाच्या हातात आहे, लघुपट कुणीही करू शकतो' हे वाक्य आपल्या पत्रकात घालण्याआधी हा 'कुणीही' कोण ते पाहून घ्या.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की चित्रीकरण शाळेच्या किंवा आपल्या संघटनेच्या फोनवर व्हावे. तालुक्यात आपल्याकडे चार-पाच फोन जमले तरी ते आळीपाळीने शाळांना देता येतील. प्रत्येक गटात कॅमेरा आणि संकलन यांत निम्म्या तरी मुली हव्यात, आणि कुणी काय केले याची छोटी वही त्यांनीच ठेवावी. नाहीतर अर्जावर मुलींची नावे येतात आणि काम जिथल्या तिथे राहते.

दुसरी सूचना संकलनाबद्दल आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शाळा सुटेपर्यंत चित्रीकरण सगळे मिळून करतात. पण तुकडे जोडण्याचे काम रात्री आठनंतर कुणातरी मुलाच्या घरी चालते. त्या वेळी मुली भाकरी करत असतात, धाकट्यांना जेवू घालत असतात. आणि काय ठेवायचे, काय टाकायचे, गोष्ट कुठे संपवायची हे सगळे त्या रात्री ठरते. मुलींना लघुपट दिसतो तो थेट स्पर्धेच्या दिवशी. तेव्हा संकलन शाळेतच, शाळेच्या वेळेत झाले पाहिजे. त्यासाठी मुख्याध्यापकांकडून आठवड्याचे दोन तास मागून घ्यावे लागतील. हे तास मिळवणे पाहुणे मिळवण्यापेक्षा अवघड जाईल.

हे सगळे नवीन आहे असेही नाही. १९८० च्या सुमारास दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'युगांतर' हा गट काढला. १९८१ साली त्यांनी पुण्यातल्या घरकामगार बायकांवर 'मोलकरीण' केला, १९८२ साली निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर 'तंबाखू चाकिला ऊब आली'. पडद्यावरच्या बायका तिथे स्वतःच्या कामाबद्दल, मजुरीबद्दल, संघटनेबद्दल स्वतः बोलतात. अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेने १९८४ साली आपल्या सभासद स्त्रियांना व्हिडिओचे शिक्षण दिले. त्यांतल्या काहींना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्यांनी कॅमेरा चालवला. त्या काळात कॅमेरा महाग होता. आज तो स्वस्त झाला आहे, पण तो हातात घेऊन रस्त्यावर उभे राहायची परवानगी नववीतल्या मुलीला अजून सहज मिळत नाही.

आता अवघड भागाकडे येते. छेडछाड, बलात्कार हे प्रसंग मुले हमखास घेतात. वर्गातला एक मुलगा 'तो' होतो, एक मुलगी 'ती' होते. लघुपट पाच मिनिटांत संपतो, पण त्या मुलीला वर्षभर वर्गात त्याच नावाने चिडवले जाते. विषय टाळा असे मी म्हणत नाही. अत्याचाराचा प्रसंग करून दाखवायचा नाही, एवढा स्पष्ट नियम असावा. आधीचे आणि नंतरचे दाखवायला भरपूर जागा आहे. दुसऱ्या दिवशी मैत्रिणी तिच्याशेजारी बसतात की नाही, एवढ्यावरही लघुपट होतो.

आणि या विषयावर बोलणे सुरू झाले की एखादी मुलगी स्वतःचे काही सांगून टाकते. आपण त्या वेळी 'बघू नंतर' म्हणू शकत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यावर पोलिसांना कळवणे, कलम १९ प्रमाणे, आपल्यावर बंधनकारक आहे. कलम २३ प्रमाणे तिचे नाव, छायाचित्र, पत्ता, शाळा, ओळख पटेल असे काहीही माध्यमांतून उघड करता येत नाही. म्हणजे 'सत्य घटनेवर आधारित' म्हणून गावातल्याच मुलीची गोष्ट घेतली तर गुन्हा होऊ शकतो. प्रत्येक शाळेसाठी आपल्यातली एक कार्यकर्ती नेमून ठेवू, मुलींना तिचे नाव ठाऊक असेल. १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक कार्यशाळेच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहू.

लोकप्रिय लघुपटाचे बक्षीस, म्हणजे इंटरनेटवर टाकून जास्त पसंती मिळवणाऱ्याला बक्षीस, हे मला मुळीच मान्य नाही. पसंती गोळा करायला मुलगे गावभर फिरतील. मुलीचा चेहरा मात्र अनोळखी माणसांच्या फोनवर जाईल, खाली नको ते लिहिले जाईल, आणि ते काकांनी वडिलांना दाखवले की तिची शाळाच धोक्यात येईल. आपण समानतेवर स्पर्धा घ्यायची आणि एका मुलीची दहावी घालवायची? लघुपट शाळेत दाखवू, वस्तीत दाखवू, आयांना बोलावून दाखवू. इंटरनेटवर काहीही जाणार नाही.

गुणपत्रिकेबद्दल एक अनुभव सांगते. एका गावच्या नववीतल्या दोघींनी केलेला लघुपट होता. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली शिपायाकडे. त्या दोघींनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात खाली फोन ठेवला. चेहरे नाहीत, नुसती पावले. शिपायाच्या खोलीपर्यंत जाणारी, दाराशी थबकणारी, तशीच परत फिरणारी. संवाद नाही, संगीत नाही. फोन सारखा हलत होता. माझ्या मते त्या दिवशीचा तो सर्वांत चांगला लघुपट होता, आणि मी तसे म्हटलेही. पण गुणपत्रिकेत 'सामाजिक संदेश' नावाचा रकाना होता, २५ गुणांचा. 'संदेश कुठे आहे?' असे इतर दोन परीक्षकांनी विचारले. पहिले बक्षीस लाल दिव्याच्या गाडीला गेले.

तो रकाना आपल्या गुणपत्रिकेत नको. त्याऐवजी 'स्वतः काय पाहिले' असा रकाना घालावा असे मला वाटते. यावर तुमचे वेगळे मत असेल तर जरूर मांडा. मुलग्यांचे लघुपटही याच रकान्याने तपासू. आई पहाटे किती वाजता उठते हे एखाद्याने आठवडाभर पाहून टिपले, तर त्यालाही पूर्ण गुण द्यायला माझी हरकत नाही.

राहिला संमतीपत्राचा नमुना. तुम्हाला वाटलेल्या कागदावर 'वडिलांची सही' असे छापले आहे. तिथे आई किंवा वडील असे करा. आणि त्याखाली मुलीच्या स्वतःच्या सहीची एक ओळ हवी. दाखवायच्या आदल्या दिवशीसुद्धा तिला 'माझे चित्रण काढून टाका' असे सांगता येईल, हेही त्या ओळीत छापलेले असावे. जेवणानंतर मसुदा वाचायला घेऊ तेव्हा सुरुवात या ओळीपासून करू या.